आधारांक

बदलीचा अर्ज तिसऱ्यांदा नामंजूर झाला, त्या दिवशी वैद्यकीय अधीक्षक डॉ. गभणे यांनी सिस्टर विशाखा रामटेकेला खुर्ची दिली आणि चहा मागवला. नकार द्यायचा असेल तेव्हा ते चहा मागवत नसत. त्यामुळे विशाखाला आधी वाटलं, या वेळी काम झालं.

"अभिनंदन करायला बोलावलं तुम्हाला," असं म्हणत त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "सगळ्या विभागात एवढा आधारांक कुणाचा नाही. एक्याऐंशी! सत्तरच्या वर गेलेल्या माणसाला हलवायचं नाही, असा आता नियमच झालाय."

"पण सर, मी नागपूर मागितलंय. घर आहे माझं तिथं, नवरा आहे, लेक आहे. आठ वर्षं झाली मला इथं."

"कळतं हो मला. पण हे मी ठरवत नाही, संगणकातलं 'टिकाव' ठरवतं. तुम्हाला इथून काढलं तर तुमच्या कक्षातलं चांदणीचं काम सहा महिन्यांत बसेल, असं त्याचं म्हणणं आहे. आता मी कुठल्या तोंडानं सही करू, तुम्हीच सांगा."

चहा आला. विशाखाने तो संपवला. बाहेर आल्यावर नवऱ्याला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "नाही झालं."  पलीकडून सुगत म्हणाला, "ओवीला तूच सांग. मी नाही सांगणार या वेळी."

आंबेसावळीचं उपजिल्हा रुग्णालय धानाच्या पट्ट्यातलं, आसपासच्या खेड्यांना तेवढाच एक आधार. विशाखा तिथल्या नवजात बालकांच्या कक्षाची इन्चार्ज सिस्टर होती. ती इथं रुजू झाली त्या वर्षांत जुनी प्रतिजैविकं एकेक करून निकामी होत चालली होती. बाळाच्या रक्तात जंतू शिरले की बाळ आधी सुस्त व्हायचं, मग दूध सोडायचं, आणि अंग गार पडेपर्यंत उशीर झालेला असायचा. नवी औषधं होती, पण ती अगदी सुरुवातीला दिली तरच लागू पडत.

त्यासाठीच ती पट्टी निघाली. रुपयाच्या नाण्याएवढी, पातळ, बाळाच्या कातडीला चिकटवायची. संसर्ग सुरू झाला की शरीर काही रेणू सोडतं, त्यांचा माग घामातही लागतो. पट्टीतला थर ते रेणू धरायचा आणि ताप यायच्या कितीतरी तास आधी पांढऱ्याचा लाल व्हायचा. मोठ्या शहरांतल्या चाचण्यांत तिने बाळांचे मृत्यू निम्म्यावर आणले होते. सरकारने ती राज्यभर पाठवली, आणि राज्यभर ती खोक्यांत पडून राहिली.

आंबेसावळीतही तेच झालं असतं. पट्टी छातीवर लावायची सूचना होती, आणि इकडे बाळाच्या छातीला तेल चोळायची रीत. पट्टी तासाभरात निघून यायची. लाल झाली की डॉक्टरांच्या फोनवर इशारा जायचा, आणि दिवसभर नाना इशारे येत असल्यामुळे डॉक्टरांनी फोनचा आवाजच बंद केलेला असायचा. आज्यांना तर लेकराच्या अंगावरचं ते प्लास्टिक बघवत नसे. विशाखाने पट्टी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे लावायला सुरुवात केली. तिला चांदणी म्हणायला लागली. चांदणी लाल झाली की स्टीलच्या ट्रेवर चमचा वाजवायचा, आणि तो आवाज ऐकून जो कुणी असेल त्याने हातातलं टाकून यायचं, असा शिरस्ता पाडला. वर्षभरात कक्षातून रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्या आया फार थोड्या राहिल्या.

मग पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. शर्वरी चौबळ आल्या. त्यांचा विषय होता अंमलबजावणीचं विज्ञान. औषध गुणकारी आहे का, हा एक प्रश्न. गुणकारी औषध असूनही ते माणसांपर्यंत का पोचत नाही, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास त्या करत. जी पट्टी शंभर ठिकाणी पडून राहिली, ती आंबेसावळीत कशी चालली, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी कर्मचाऱ्यांना गळ्यात घालायला बिल्ले दिले. बिल्ला बोलणं टिपत नसे. कोण कुणाजवळ गेलं, किती वेळ थांबलं, नंतर काय काम झालं, एवढंच नोंदवत असे. त्यावरून 'टिकाव' नावाची प्रणाली संगणकात अख्खा दवाखाना उभा करायची आणि त्यातून एकेक माणूस काढून बघायची. मांडवाचा एकेक बांबू उपसून छत कुठं किती झुकतं ते बघावं, तसं. ज्याच्या जाण्याने छत जास्त झुकेल, त्याचा आधारांक जास्त.

विशाखाने तो बिल्ला हौसेने गळ्यात घातला होता. दोन वर्षांनी प्रणाली सरकारने घेतली, बिल्ले सक्तीचे झाले, आणि आधारांक बदल्यांच्या नियमांत जाऊन बसला.

नागपूरला ती शनिवारी पोचली. ओवी तेरा वर्षांची होती. आईला बघून ती हसली, पिशवी आत नेऊन ठेवली आणि पुन्हा आपल्या खोलीत गेली. कपड्यांच्या कपाटात विशाखाला सॅनिटरी पॅडचा पुडा दिसला, अर्धा संपलेला.

"हे कधी?" तिने विचारलं.

"गेल्या महिन्यात."

"मला का नाही सांगितलं?"

"तू ड्यूटीवर होती नं." ओवीच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "शेजारच्या दहिवलेकाकूंनी सांगितलं सगळं. काही प्रॉब्लेम नाही झाला."

सुगत एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. शांत स्वभावाचा माणूस, पण त्या दिवशी जेवताना म्हणाला, "राजीनामा दे विशाखा. खासगी दवाखान्यात लागशील इथं."

"सत्तरच्या वर असेल तर राजीनामाही थांबवून ठेवता येतो. अत्यावश्यक सेवा. सहा महिने, मग पुन्हा सहा महिने."

"म्हणजे चांगलं काम केलं म्हणून जन्मठेप?"

 विशाखाच्या मनात दुसराच विचार चालला होता. ज्या आकड्याने आपल्याला धरून ठेवलंय, तो आकडा मुळात काय आहे, हेच आपल्याला नीट ठाऊक नाही. पुढच्याच आठवड्यात जिल्हा प्रशिक्षण केंद्रात डॉ. शर्वरींचा वर्ग होता; सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात अंमलबजावणीच्या चौकटी कशा वापरायच्या, यावर. तिने नाव नोंदवलं.

वर्गात बहुतेक तरुण डॉक्टर होते. शर्वरी मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना हात खूप हलवणाऱ्या. त्यांनी फळ्यावर पाच चौकटी आखल्या. पहिलीत नवी वस्तू स्वतः: ती सोपी आहे का, तिथं जुळवून घेता येते का. दुसरीत दवाखान्याबाहेरचं जग: सरकार, समाज, घरातल्या आज्या. तिसरीत आतलं जग: कामाची रीत, कुणाचं कुणाशी पटतं. चौथीत माणसं. पाचवीत प्रत्यक्ष राबवण्याची पद्धत.

"एखादी गोष्ट चालत नाही म्हटलं की आपण पटकन माणसांना दोष देतो," त्या म्हणाल्या. "सिस्टर ऐकत नाहीत, आया अडाणी आहेत. चौकट आपल्याला थांबवते. म्हणते, बाकीच्या चार खणांत बघितलंस का? प्रत्येक खणात हिरव्या चिठ्ठ्या लावा, म्हणजे मदत करणाऱ्या गोष्टी. लाल चिठ्ठ्या म्हणजे अडथळे."

विशाखाला ते मनापासून आवडलं. आपण चाचपडत जे केलं होतं त्याला नावं होती, क्रम होता. पट्टी पाठीवर नेली ते पहिल्या खणातलं. ट्रे आणि चमचा तिसऱ्यातला. ती भराभर चिठ्ठ्या लावत गेली. चौथ्या खणापाशी तिचा हात थांबला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना."

"ज्या माणसावर काम उभं आहे, त्याला जायचं असेल, तर त्याची चिठ्ठी कुठल्या रंगाची?"

वर्गातले काही जण हसले. शर्वरी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"लाल," त्या म्हणाल्या. "चौकटीच्या हिशेबानं तो अडथळा."

वर्ग सुटल्यावर त्या विशाखाजवळ येऊन बसल्या. "सिस्टर, मी हे बदल्या अडवायला केलं नव्हतं. एकाच माणसावर फार भार पडत असेल तर तो दिसावा आणि दवाखान्यानं तो वाटून घ्यावा, म्हणून केलं होतं. त्यांनी ते उलटं वाचलं. भार दिसला की माणूस बांधून ठेवा."

"तो आकडा खाली कसा आणायचा, ते सांगा मला."

"लोकांचं तुमच्याकडे येणं कमी व्हायला हवं आणि तरीही काम चालायला हवं. दोन्ही एकदम. नुसतं काम बिघडलं, तर तुमच्यावाचून बिघडलं असं धरून आकडा वरच जाईल."

विशाखाने परत आल्याबरोबर सगळ्या सिस्टर्सना शिकवायला घेतलं. चांदणी कशी लावायची, कधी बदलायची, लाल झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं. महिनाअखेर आधारांक सत्त्याऐंशी झाला. शिकायला म्हणून सगळे तिच्याभोवती उभे राहिले होते, आणि बिल्ल्यांनी तेवढंच मोजलं होतं.

त्यातच तिचा अर्ज का फेटाळला गेला ते कक्षात कळलं. कुणी कुणाला काही म्हटलं नाही, पण वागणं बदललं. नव्या मुलीने सलाईनच्या पंपाबद्दल विचारलं की जुनी सिस्टर म्हणायची, "मला नाही बाई माहीत. रामटेके सिस्टरना विचार." डॉक्टरसुद्धा दोन पावलं लांब उभे राहून बोलायला लागले. ज्याला बदली हवी होती, बढती हवी होती, लग्न करून दुसऱ्या गावी जायचं होतं, तो प्रत्येक जण उपयोगी दिसायला घाबरायला लागला. सगळे प्रश्न विशाखाच्या दारात येऊन पडत, आणि समोर बाळ असताना तिला तोंड फिरवता येत नसे. एकदा चांदणी लाल झाली तेव्हा दुसऱ्या कुणी पुढं यावं म्हणून ती दोन्ही हात टेबलाखाली धरून बसली. ट्रे वाजत होता. कुणी उठेना. शेवटी तीच धावली.

ओवीच्या परीक्षेसाठी तिने हट्टाने रजा घेतली. सकाळी डबा करून दिला, संध्याकाळी उद्याच्या पेपरचा अभ्यास घेतला. तिसऱ्या दिवशी ओवी आपणहून शेजारी येऊन बसली आणि मैत्रिणींची भांडणं सांगायला लागली. त्याच दुपारी अस्मिताचा फोन आला. अस्मिता मडावी ही कक्षातली सगळ्यात तरुण कायम सिस्टर, आणि इतरांसारखी हात आखडता न घेणारी एकटीच.

"ताई, कवडशीच्या बाईचं लेकरू गेलं." ती रडत होती. "मी लेबर रूममध्ये होती. चांदणी लाल होऊन किती वेळ झाला होता, कोणालेच मालूम नाही. एकमेकाच्या तोंडाकडे पाहत होते सगळे."

विशाखा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परतली. निघताना ओवीने का जातेस असं विचारलं नाही, आणि थांबही म्हटलं नाही. त्या महिन्याचा आधारांक होता त्र्याण्णव. तिच्या गैरहजेरीत काय होतं, याचा यंत्राला आता पुरावाच मिळाला होता.

काही दिवस ती नुसती काम करत राहिली. मग एका दुपारी वर्गातले कागद पुन्हा काढून बसली. काम माणसात ठेवू नका, जागेत रुजवा, असं शर्वरी मॅडम म्हणाल्या होत्या. चौथ्या खणाकडे बघत बसण्यात अर्थ नव्हता. तिने दुसरा आणि तिसरा खण पुढं ओढला. कक्षात चोवीस तास कोण असतं? सिस्टर्स नाहीत, डॉक्टर नाहीत. आया आणि आज्या.

तिने खाटा दोन-दोनच्या जोडीने लावल्या. दाखल होतानाच आईला सांगायचं, शेजारणीच्या बाळाची चांदणी तू बघ, तुझ्या बाळाची ती बघेल. स्वतःच्या लेकराकडे बघताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही, दुसऱ्याचं स्पष्ट दिसतं. ट्रे आणि चमचा प्रत्येक जोडीच्या मधे ठेवला. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, त्याची चित्रं थेट औषधांच्या कपाटाच्या दारावर चिकटवली, म्हणजे ट्रे वाजल्यावर जो येईल त्याला कुणाला विचारावंच लागू नये. नव्या आलेल्या बाईला घरी निघालेली बाई सगळं समजावून जायची. "घाबरू नोको माय," एक आजी नव्या पोरीला सांगताना विशाखाने ऐकलं, "लाल झाली का वाजव. मंग धावतेतच हे लोक. माह्या नातवाची दोनदा झाली होती, पाह्य कसा टकामका पाहते."

काम चाललं. पुढच्या महिन्यांत कक्षातलं एकही बाळ उशीर झाला म्हणून गेलं नाही. आणि विशाखाचा आधारांक उतरायला लागला. त्र्याण्णवचा ऐंशी झाला, ऐंशीचा बहात्तर. ती घरी फोन करून सुगतला आकडा सांगायची आणि पलीकडून ओवी ओरडायची, "अजून दोन, आई!"

इन्चार्ज म्हणून तिला सगळ्यांचे आकडे दिसत. अस्मिताचा आकडा वर चढत होता. विशाखाला आधी वाटलं, चूक असेल. मग कारण लक्षात आलं. आयांच्या गळ्यात बिल्ले नव्हते. यंत्राला त्या दिसतच नव्हत्या. बाळं वाचताहेत, म्हणजे बिल्लेवाल्यांपैकी कुणीतरी वाचवतंय, एवढं त्याला कळत होतं. आणि आयांच्या खाटांवर बसून गप्पा मारणारी, सगळ्यात जास्त वेळ कक्षात असणारी सिस्टर होती अस्मिता.

अस्मिताने वर्ध्याला एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी परीक्षा दिली होती. घरात शिकलेली ती पहिलीच. हे विशाखाला ठाऊक होतं. ती बोलायला जायची आणि शब्द गिळून परत यायची. एकदाच आपली बदली होऊ दे, मग सांगू, असं तिने स्वतःला अनेकदा समजावलं.

आकडा सत्तरच्या खाली उतरला आणि बदलीची ऑर्डर आली, तेव्हा डॉ. गभण्यांनी पुन्हा चहा मागवला. नागपूर, पंधरा दिवसांत रुजू व्हायचं. कक्षात पेढे वाटले गेले. त्याच दुपारी अस्मिता औषधांच्या खोलीत आली. हातातला पेढा तसाच होता.

"ताई, मले कार्यमुक्त नाही करत म्हणतात सर. माही सीट लागली वर्ध्याले. महिनाभर थांबतो म्हणते कॉलेज. सर म्हणतात तुझा आधारांक सत्त्याहत्तर." ती गोंधळून गेली होती. "माहा कसा काय झाला? मी तं काहीच नाही केलं."

विशाखाने कपाटाचं दार लावलं. "तू केलंस असं नाही. माझा उतरला, तो तुझ्यावर गेला."

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन-तीन महिने."

अस्मिताने पेढा टेबलावर ठेवला. "मंग मले सांगाले पाहिजे होतं ताई." तिचे डोळे भरले नाहीत, नुसते मोठे झाले. "ठीक आहे. ओवी वाट पाहते तुमची, जा तुमी. मीही शिकीन आता. उद्यापासून मीही कोणाले काही सांगणार नाही."

आणि दुसऱ्या दिवशी तिने खरंच तसं केलं. एका कोवळ्या बाळंतिणीने दूध उतरत नाही म्हणून हाक मारली, तर अस्मिता खिडकीशी उभी राहून बाहेर बघत राहिली. तिचे खांदे ताठ झाले होते. विशाखाला वाटलं, आपणच ते खांदे दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे वळवलेत.

तिने शर्वरी मॅडमना फोन लावला. आयांची गोष्ट सांगितली. त्यांनाही बिल्ले द्या, मग भार सगळ्यांत वाटलेला दिसेल, कुणीच अडकणार नाही.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "हे मी सहा महिन्यांपूर्वी लिहून दिलं. आस्थापनेवर नसलेल्या माणसांना आधारांक देता येत नाही, असं उत्तर आलं."

"मग बंद करा ना ते यंत्र. तुम्हीच केलंय."

"मी दोनदा सोडून जायला निघाले, सिस्टर. 'टिकाव' आमच्या गटावरही चालतं. माझा आधारांक सत्त्याण्णव आहे."

त्या दिवशी विशाखा क्वार्टरवर न जाता रुग्णालयामागच्या तलावाच्या पाळीवर बसून राहिली. सुटायची वाट तिला सापडली होती, पण ती वाट दुसऱ्याच्या पाठीवरून जात होती. अस्मितालाही हीच युक्ती शिकवता आली असती. मग अस्मितावरून तो भार त्या सलाईनच्या पंपाबद्दल विचारणाऱ्या पोरीवर गेला असता. कुठंतरी कुणीतरी अडकल्याशिवाय त्या यंत्राचा हिशेब पुरा होत नव्हता.

आधी तिने सुगतला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तू ठरवून टाकलंस ना?" त्याने विचारलं. "मग मला कशाला विचारतेस?" फोन त्याने आपटला नाही, पण ओवीला दिलाही नाही.

सकाळी डॉ. गभण्यांच्या टेबलावर तिने ऑर्डर ठेवली आणि बदली नको असल्याचं लिहून दिलं.  मग ती कक्षात गेली आणि बरोबर मधोमध उभी राहिली.

"अस्मिता, तू महिनाभर लेबर रूमला. इकडं फिरकायचं नाही. बाकी सगळ्यांनी काहीही अडलं तर मला विचारायचं. मोठ्यानं विचारा, जवळ येऊन विचारा."

 अस्मिताला समजलं. "ताई, नका करू असं," ती म्हणाली.

"जा म्हणते ना."

तो महिना विशाखाला स्वतःलाही नवल वाटावा असा गेला. कितीतरी दिवसांनी ती लपत नव्हती. प्रश्नाला उत्तर देत होती, चुकलेला हात धरून बरोबर करत होती, डॉक्टरांना खडसावत होती. आपल्याला हे काम किती आवडतं, ते ती विसरूनच गेली होती. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मात्र फोन हातात घेऊन बसायची. ओवी उचलत नसे.

महिनाअखेर अस्मिताचा आकडा सत्तरच्या खाली आला. ती वर्ध्याला गेली. बसमध्ये चढताना तिने विशाखाच्या खांद्यावर डोकं टेकलं.  त्या दिवशी विशाखाचा आधारांक शहाण्णव होता.

मे महिन्यात सुगत ओवीला घेऊन आंबेसावळीला आला. "तिची आई कुठं असते, ते तरी बघू दे तिला," एवढंच म्हणाला आणि बॅगा घेऊन क्वार्टरकडे गेला. ओवी पहिल्यांदाच कक्षात आली. दारातल्या बाकावर बसून ती सकाळभर बघत राहिली. कुणी ना कुणी येत होतं. "सिस्टर, हे कसं?" "ताई, जरा बघता?" "मॅडम, सही." विशाखा मधूनच मुलीकडे बघून हसायची, तोवर दुसरं कुणी आलेलं असायचं.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा ती ओवीशेजारी येऊन बसली.

"कंटाळलीस?"

ओवीने नकारार्थी मान हलवली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "तुला सगळे विचारतात, आई. मी कधी विचारायचं?"

विशाखाने हातातले कागद बाजूला ठेवले.

"आत्ता विचार," ती म्हणाली.

"खरंच?"

"खरंच."

ओवी बाकावर पाय वर घेऊन वळून बसली. बोलणार, एवढ्यात आतून ट्रे वाजला. विशाखा अर्धी उठली. तिचा हात आपोआप बाह्या सारायला लागला होता. ओवीने मान खाली घातली.

आत कुणीतरी धावल्याचा आवाज आला. कपाटाचं दार उघडलं. कुणी आजी ओरडून खाटेचा नंबर सांगत होती, आणि सलाईनचा पंप न समजणारी ती पोर तिला म्हणत होती, "दिसला, दिसला, बाजूला व्हा आजी."

विशाखा उभीच होती. तिचं सगळं अंग आत जायला ओढत होतं. आतून त्या पोरीचा आवाज पुन्हा आला, डॉक्टरांना औषधाचं नाव सांगताना, बरोबर नाव.

विशाखा खाली बसली. ओवीचा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"हं," ती म्हणाली. "विचार."

ओवीने वर बघितलं. तिला बहुधा हे अपेक्षित नव्हतं, कारण काय विचारायचं ते तिला पटकन सुचेना. आत बाळ रडायला लागलं, खणखणीत. विशाखा त्या आवाजाकडे कान देऊन, पण मुलीकडे बघत, वाट पाहत राहिली.